शेवटचे एक्क्याऐंशी तास

पुढचा घटनाक्रम एका विशिष्ट बाईचा नाही, तेव्हा तिचं गाव किंवा रुग्णालय शोधायला जाऊ नये. गरोदरपणातल्या अति उलट्यांनंतर मेंदूला इजा झालेल्या स्त्रियांच्या हकिकती वैद्यकीय नियतकालिकांत छापून येतात. त्यांत हाच क्रम इतक्या वेळा भेटतो की दोन-चार वाचल्यावर पुढच्या पानावर काय असणार ते आधीच कळतं. तो क्रम मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी, भर पावसाळ्यात आणून ठेवला आहे. आजाराचं नाव वेर्निके एन्सेफॅलोपथी. कारण एकच, शरीरातलं थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व संपणं. शून्य तास गुरुवारी सकाळी सहाचा धरला आहे.

आठ आठवडे आधी

सहाव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. पहिलटकरीण, वय चोवीस, नवरा मुंबईत नोकरीला, ती सासरी. सुरुवातीला सगळं कौतुकातच गेलं. आवळासुपारी झाली, आलं-लिंबू झालं, सकाळी उठल्याउठल्या कोरडा टोस्ट झाला. मग उकड्या तांदळाचा वास सोसेना, म्हणून तिच्यापुरती पांढऱ्या तांदळाची पेज शिजू लागली.

हा बदल घरात कुणाच्या लक्षात राहण्यासारखा नव्हता, पण तो महत्त्वाचा आहे. भात उकडून मग सडला की कोंड्यातलं थायमिन दाण्यात उतरतं आणि बरंचसं टिकतं. कच्चा भात गिरणीत पांढराशुभ्र केला की ते कोंड्याबरोबर जातं. भारतात थायमिनच्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरीचा जोर आंध्रच्या किनाऱ्यावर, कच्चा पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्यांत राहिला. उकडा खाणारे बरेचसे वाचले, ते यामुळेच. जावा बेटावर डच डॉक्टर आइकमान यांच्या कोंबड्या लष्करी रुग्णालयातला पांढरा भात खाऊन लुळ्या पडल्या आणि तो भात बंद होताच पुन्हा चालू लागल्या. त्या कोंबड्यांनी पुढे १९२९ चं नोबेल मिळवून दिलं. थायमिन प्रयोगशाळेत बनवण्याची रीत १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी शोधली, आणि त्यांचा जन्म आपल्याकडच्या नेल्लोरचा. म्हणजे ज्या गोष्टीअभावी या बाईच्या मेंदूला इजा होणार आहे, ती कारखान्यात तयार होऊ लागल्याला नव्वदाच्या आसपास वर्षं झाली.

आता हिशेब मांडू. शरीरात थायमिनचा साठा फार तर तीस मिलिग्रॅम. गरोदर बाईची रोजची गरज सुमारे १.४ मिलिग्रॅम. आत काहीच जात नसेल तर साठा तीन आठवड्यांत तळाला लागतो. आणि तो संपत आला की मळमळ आणखी वाढते, भूक आणखी मरते. उलटीमुळे थायमिन जातं आणि थायमिन गेल्यामुळे उलटी होते.

८१ तास. रविवार, रात्री ९

"गो, वायच पेज घे." सासूबाई वाटी घेऊन शेजारी बसल्या आहेत. दोन चमचे गेले आणि तसेच बाहेर आले. मग स्टीलच्या पेल्यातून ग्लुकोजचं पाणी दिलं, ते राहिलं. घरातल्यांना हायसं वाटलं. गेले दहा दिवस तिच्या पोटात ठरतंय ते एवढंच.

शेजारीण सांगून गेली, इतक्या उलट्या म्हणजे मुलगीच. दुसरी म्हणाली, तीन महिने सरले की आपोआप थांबतील. बहुतेकींच्या थांबतातही, म्हणूनच या वाक्यावर कुणी वाद घालत नाही. पण जिच्या थांबत नाहीत तिला दोष द्यायची जुनी खोड आहे. मनातून मूल नको असतं म्हणून बाई ओकते, असं विसाव्या शतकात डॉक्टरसुद्धा लिहीत होते. २०२३ च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये छापून आलेल्या संशोधनाने जीडीएफ-१५ या संप्रेरकाकडे बोट दाखवलं. ते वारेतून आईच्या रक्तात उतरतं, आणि गरोदरपणाआधी जिच्या रक्तात ते कमी असतं तिला त्याचा तडाखा जास्त बसतो. मनाचा यात काही संबंध नाही.

६७ तास. सोमवार, सकाळी ११

रिक्षातून प्रसूतिगृहात आणलं. केसपेपरवर लिहिलं गेलं ते असं: चौदावा आठवडा. वजन चाळीस किलो, दिवस जाण्याआधी अठ्ठेचाळीस. नाडी १२४. लघवीत कीटोन चार प्लस. पोटॅशियम कमी, लिव्हरचे एन्झाइम थोडे वाढलेले. निदान हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम. गरोदरपणाआधीच्या वजनातलं पाच टक्क्यांहून जास्त घटलं की हे नाव लागतं. तिचं सोळा टक्क्यांहून जास्त गेलं होतं.

या कागदावरची एकही नोंद चुकीची नाही. रोज किती उलट्या, हे विचारून लिहिलंय. किती दिवस अन्न नाही, हा रकाना मात्र छापलेलाच नसतो, त्यामुळे तो कुणी भरत नाही.

बरोबर गोळ्यांची जुनी पाकिटं होती. मळमळीवर सर्रास दिली जाणारी गोळी, तिच्यात डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन. पायरिडॉक्सिन म्हणजे बी-सिक्स. "बी जीवनसत्त्व चालू आहे ना?" या प्रश्नाला नणंदेने हो म्हटलं, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. फॉलिक ॲसिडही चालू होतं. बी-वन दोन्हींत नव्हतं.

६५ तास. सोमवार, दुपारी १

पहिली बाटली लागली, डी-फाइव्ह. पाच टक्के डेक्स्ट्रोज, अर्धा लिटर, म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर.

इथे थांबायला हवं, कारण पुढचं सगळं इथून फिरतं. साखरेची ऊर्जा पेशीला थेट मिळत नाही. पायरुव्हेट डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम ती पुढच्या चक्रात ढकलतं, आणि त्या एन्झाइमला थायमिन लागतं. चक्रात आणखी एका टप्प्यावर पुन्हा थायमिन लागतं. उपाशी शरीर चरबी जाळून कसंबसं चाललं होतं, त्यात थायमिनची गरज कमी होती. आता रक्तात साखर आली, शरीर साखरेकडे वळलं आणि उरलंसुरलं थायमिन त्यात खर्च झालं. पट्टा तुटलेल्या गिरणीत वरून दाणे ओतत राहावेत, तसं हे चालतं. साखर साचते, तिचं लॅक्टिक ॲसिड होतं आणि पेशी उपाशीच राहते. सगळ्यात आधी मार बसतो तो मेंदूच्या मध्यभागी, जिथे ऊर्जेचा खप जास्त: थॅलॅमसचा आतला भाग, मॅमिलरी बॉडीज, डोळे फिरवणाऱ्या नसांची केंद्रं.

एकटी एक बाटली माणसाला या कड्यावरून खाली ढकलते का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. दिवसेंदिवस थायमिनशिवाय ग्लुकोज देत राहणं घातक, याबद्दल नाहीत. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: रक्तातली साखर खरोखर घसरली असेल तर ग्लुकोजसाठी थांबायचं नाही. दोन्ही बरोबर द्यायची. पण हिची साखर घसरलेली नव्हती. हिला पाणी, मीठ आणि पोटॅशियम हवं होतं; साधं सलाईन आणि त्यात पोटॅशियम चाललं असतं. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१६ च्या मार्गदर्शिकेत हेच लिहिलं आहे, आणि उलट्या लांबलेल्या प्रत्येक दाखल रुग्णाला थायमिन द्या, डेक्स्ट्रोजच्या आधी तर द्याच, असंही.

मग डी-फाइव्हच का? कारण आपल्याकडे सलाईन म्हणजे 'ताकद', आणि ताकद म्हणजे ग्लुकोज. नातेवाईक ते मागतात, सिस्टरच्या हाताशी ते असतं, डॉक्टर लिहून मोकळे होतात. या साखळीत वाईट माणूस एकही नाही.

५६ तास. सोमवार, रात्री १०

चार बाटल्या झाल्या. लघवी साफ झाली, ओठ ओले झाले, उलटी एकच. नाडी मात्र ११८ वरून खाली येत नाही. पाणी भरून निघाल्यावरही नाडी पळते आहे, हे चार्टवर लिहिलेलं आहे आणि कुणी वाचलेलं नाही.

४६ तास. मंगळवार, सकाळी ८

नवऱ्याने मुंबईहून व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, "दोन-दोन दिसताय." तो हसला. रात्रीची गाडी पकडतो म्हणाला.

राउंडला तिने सिस्टरनाही सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, अशक्तपणा आहे, डोळे मिटून पडा. त्यांच्या वॉर्डात त्या सकाळी अकरा बाळंतिणी होत्या.

३८ तास. मंगळवार, दुपारी ४

बाथरूमला जाताना ती पाय फाकवून, भिंत धरून चालली. दारात तोल गेला. मावशींनी सावरलं आणि खोलीत कुणीतरी म्हणालं, आठ आठवडे खाल्लं नाही तर दुसरं काय होणार. उत्तर अगदी बरोबर होतं, फक्त ते डॉक्टरच्या तोंडून यायला हवं होतं.

दोन-दोन दिसणं आणि झोकांड्या खात चालणं. तिसरं लक्षण आलं की पुस्तकातलं त्रिकूट पुरं होईल: डोळे, तोल, भान. पण पुस्तकाची वाट पाहणं हाच धोका आहे. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शवविच्छेदनांच्या अभ्यासात या आजाराचे १३१ मेंदू तपासले गेले. जिवंतपणी तिन्ही लक्षणं नोंदली गेली होती अशी माणसं त्यांत जेमतेम १६ टक्के निघाली. बहुसंख्यांचं निदान मेल्यावरच झालं.

आणि या आजारावर एक शिक्काही बसला आहे. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये तीन रुग्णांचं वर्णन केलं. त्यांतले दोघे दारुडे होते. तिसरी विशीतली शिवणकाम करणारी मुलगी होती. सल्फ्युरिक ॲसिड प्यायल्याने जठराची वाट आखडली आणि तिला उलट्या लागल्या. पुढे पाठ्यपुस्तकांत ते दोघे राहिले, ती गाळली गेली. पुन्हा दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या जपानी छावण्यांत, पांढऱ्या भातावर जगणाऱ्या आणि जुलाब-उलट्यांनी खंगलेल्या कैद्यांत हाच आजार दिसला. डी वॉर्डनर आणि लेनॉक्स या डॉक्टरांनी १९४७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तसे ५२ रुग्ण मांडले. त्या कैद्यांना दारू कुठून मिळणार होती? तरी आजही डॉक्टरच्या मनात वेर्निके म्हटलं की गुत्त्यातला माणूस उभा राहतो. कपाळाला कुंकू लावलेली, दारूचा थेंबही न पाहिलेली सून त्या चित्रात बसत नाही, म्हणून ती सुटते.

३१ तास. मंगळवार, रात्री ११

आई माहेरहून आली. ती आईशी छान बोलली. म्हणाली, आत्ताच रेल्वेने आले, कणकवलीला गर्दी होती, तिकडे लग्नात जेवले. आई सासूबाईंकडे बघत राहिली.

ती खोटं बोलत नव्हती. स्मरणात भोक पडलं की मेंदू ते हाताला येईल त्या आठवणीने बुजवतो, आणि बोलणाऱ्याला ते खरंच वाटतं. बाहेरून ऐकणाऱ्याला मात्र दोनच शक्यता सुचतात. एक, मुलीच्या डोक्यावर परिणाम झाला. दुसरी, बाहेरचं काहीतरी. सासूबाईंनी सकाळी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. त्यांना हसण्यात अर्थ नाही. काहीतरी भयंकर चाललंय हे त्या इमारतीत ओळखणाऱ्या पहिल्या त्याच होत्या.

२० तास. बुधवार, सकाळी १०

राउंड. चोवीस तासांत उलटी नाही. फाइलवर 'सुधारणा' लिहिलं गेलं. नवरा आलेला आहे. तो म्हणाला, डॉक्टर, ही काहीतरी बडबडतेय. डॉक्टर म्हणाले, पहिली वेळ आहे, टेन्शन असतं, थोडं जपा. ताकदीसाठी दहा टक्के डेक्स्ट्रोजच्या दोन बाटल्या वाढवल्या. त्यांतून आणखी शंभर ग्रॅम साखर गेली. सोमवारपासूनची बेरीज तीनशेच्या घरात पोचली.

या आजारातला सगळ्यात फसवा दिवस हाच. उलटी थांबते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि मेंदूकडे कुणी बघत नाही.

१५ तास. बुधवार, दुपारी ३

तरुण निवासी डॉक्टरने तिला बोटाकडे बघायला सांगितलं. बुबुळं कडेला जाऊन थरथरत होती, डावा डोळा बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत नव्हता. त्याने ते लिहिलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह घालून 'मेटोक्लोप्रमाइडचा परिणाम'. उलटीच्या या औषधाने मान-डोळे वेडेवाकडे होतात हे खरं, त्यामुळे तर्क अगदीच हवेतला नव्हता. पण औषधाने बुबुळ लुळं पडत नाही.

गरोदर म्हणून बऱ्याच चर्चेनंतर सीटी स्कॅन झाला. नॉर्मल. या आजारात सीटी बहुधा नॉर्मलच येतो. एमआरआय बराच जास्त दाखवतो, पण तोही नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. रक्तातलं थायमिन मोजता येतं, निकाल यायला दिवस लागतात. म्हणून या आजारात निदानाची वाट न बघता आधी औषध देतात, आणि औषधाचा गुण येणं हाच बऱ्याचदा पुरावा ठरतो.

त्या दुपारी कपाटात थायमिनचं इंजेक्शन होतं. स्वस्त औषध आहे. ते कुणी नाकारलं नाही, कारण ते मागितलंच गेलं नाही.

९ तास. बुधवार, रात्री ९

हाक मारली की डोळे उघडते, पुन्हा मिटते. अंग गार, ९५ फॅरेनहाइट. पंखा बंद केला, चादर घातली.

४ तास. गुरुवार, पहाटे २

रात्रपाळीच्या सिस्टरनी डॉक्टरना उठवलं. कोल्हापूरला हलवायचं ठरलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सव्वातीन. फोंडा घाटात धुकं होतं, आणि सलाईनच्या हुकाला डी-फाइव्हची बाटली तशीच लटकत होती.

शून्य. गुरुवार, सकाळी ६

चिमटा काढला तरी प्रतिसाद नाही.

पेशी नेमक्या कोणत्या तासाला मेल्या ते कुणी सांगू शकत नाही. शून्य मी सोयीसाठी इथे मांडला. मंगळवारी सकाळी ती "दोन-दोन" म्हणाली तेव्हा बहुधा अजून सगळं परतवता येत होतं. डोळ्यांची लक्षणं थायमिन मिळाल्यावर काही तासांत मागे फिरू लागतात, असं या आजाराचा प्रत्येक अनुभवी डॉक्टर सांगेल.

त्यानंतर

सात वाजता मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न आला, "किती आठवडे उलट्या?" आणि लगेच दुसरा, "थायमिन दिलंय?" नवऱ्याने तो शब्द त्या वेळी पहिल्यांदा ऐकला. पाचशे मिलिग्रॅम शिरेतून, अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा. सोबत मॅग्नेशियम, कारण ते कमी असेल तर थायमिन कामच करत नाही. उतरलेलं सोडियम हळूहळू वर आणलं, कारण ते घाईने चढवलं तर मेंदूच्या देठाला वेगळीच इजा होते. एमआरआयमध्ये दोन्ही थॅलॅमस सारखेच उजळलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी डोळे वळू लागले. चौथ्या दिवशी बाळाचे ठोके थांबले. तीन महिन्यांनी ती वॉकर धरून चालते. सकाळी कोण भेटून गेलं ते तिला दुपारी सांगता येत नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम काळी रंगवलेली नाही. २००६ मध्ये अशा ४९ केसेस एकत्र तपासल्या गेल्या. आजार सरासरी चौदाव्या आठवड्यात, सात-आठ आठवड्यांच्या उलट्यांनंतर आला होता. पूर्ण बऱ्या झाल्या त्या १४ जणी. जवळजवळ निम्म्या गर्भधारणा वाया गेल्या.

डॉक्टरांना माझी एकच विनंती आहे, हायपरएमेसिसच्या केसपेपरवर 'किती दिवस अन्न नाही' आणि 'थायमिन दिलं, वेळ' असे दोन रकाने छापून घ्या. आणि घरातल्यांना: दोन-तीन आठवडे पोटात अन्न ठरत नसेल, तर सलाईन लावण्याआधी विचारा, "डॉक्टर, बी-वन दिलं का?" गोळी चालेल असं म्हणाले तर सांगा, गोळी पोटात राहत नाही म्हणूनच आलो आहोत. दोन-दोन दिसतंय, तोल जातोय किंवा बोलणं असंबद्ध झालंय असं वाटलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा. रागावले तर रागावू द्या.